सिमेंटातलं फ्लोराइड कीड मारतं का?

गेल्या पावसाळ्यात एक काकू माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. वरच्या सुळ्याच्या मानेशी, हिरडीला अगदी लागून, कुऱ्हाडीनं ढलपी काढावी तशी खाच पडलेली. तीस-पस्तीस वर्षांची मशेरी. खाचेच्या तळाला तपकिरी, हत्यारानं सहज उकरला जाईल इतका मऊ झालेला दात. मी म्हटलं, "काकू, हे सिमेंटनं भरू. यातून फ्लोराइड सुटतं, दाताला बरं असतं."

"म्हंजे कीड मरंल न्हवं त्यानं?"

"मरेल," म्हणून मी मोकळी झाले. बाहेर सहा पेशंट बसले होते आणि खरं उत्तर "तसं नाही हो" असं सुरू होणारं होतं. तेव्हा राहून गेलेलं ते उत्तर आता सवडीनं लिहिते.

आधी त्या 'कीड' शब्दाचं बघू. दाताला कीड लागते ती ज्वारीला लागते तशीच, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. त्यामुळे आत काहीतरी वळवळतंय आणि ते मेलं की काम झालं, हे चित्र डोक्यातून जात नाही. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून, धुरी तोंडात घ्यायला लावून 'अळ्या' पाडून दाखवणारे लोक माझ्या लहानपणी आठवडी बाजारात बसत. युरोपात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा, आणि पडलेल्या 'अळ्या' म्हणजे उष्णतेनं फुटलेल्या बियांच्या पोटातले कोंब आहेत, हे तिथल्या शहाण्या वैद्यांनी शतकांपूर्वीच ओळखलं होतं. माझ्याकडे आजही काही जण काढलेली दाढ हातात घेऊन निरखून बघतात. फुटलेल्या दाढेत पांढरट दोऱ्यासारखं काही दिसलं की "ही बघा!" असतंच. ती बिचारी दाताची नस असते.

बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये या प्रकरणाची नीट उकल केली. दात कुणी खात नाही. तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या पिठा-साखरेवर जगतात आणि त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारं आम्ल दात विरघळवतं. पुढे १९२४ मध्ये लंडनला किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा काढला. नेहमीचा गोल स्ट्रेप्टोकोकस, पण जरा लांबट दिसणारा. तो बदललेला अवतार असावा असं वाटून त्यांनी त्याला 'म्युटन्स' म्हटलं. हा गडी तीन गोष्टींत तरबेज आहे: साखरेपासून डिंक करून दाताला चिकटतो, साखरेचं भराभर लॅक्टिक आम्ल करतो, आणि त्या आम्लात इतर जिवाणू हैराण होत असताना स्वतः निवांत राहतो. तो एकटा मात्र नसतो. लॅक्टोबॅसिलस आणि इतर पुष्कळ मंडळी त्या चिकट थरात मुक्कामाला असतात. नखानं दात खरवडला की पांढरा मेणासारखा थर येतो ना, तीच ही वस्ती.

साखर तोंडात गेली की काही मिनिटांत या थराखालचा पीएच (आम्लपणाचं माप; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि दातातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते, पीएच वर येतो आणि गेलेलं खनिज थोडंफार परत बसतं. विहीर डोळ्यासमोर आणा. आम्ल म्हणजे उपसा, लाळ म्हणजे झरा. दिवसातून तीनदा उपसा झाला तर झरा भरून काढतो. दर अर्ध्या तासानं चहा-बिस्किट म्हणजे मोटार दिवसभर चालू. जिवाणू सगळ्यांच्याच तोंडात असतात. खड्डा पडतो तो झऱ्यापेक्षा उपसा वाढला की.

फ्लोराइडचं मोठं काम या झऱ्याकडचं आहे. खनिज परत बसताना आजूबाजूला जरासं फ्लोराइड असेल तर ते लवकर बसतं, आणि जे बसतं ते आधीपेक्षा चिवट असतं: साडेपाचला विरघळणारा स्फटिक आता साधारण साडेचारपर्यंत तग धरतो. यासाठी फ्लोराइड फार लागत नाही. दाताभोवतीच्या ओलाव्यात एक पीपीएमपेक्षाही कमी, पण कायम असलेलं फ्लोराइड पुरतं. (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम.) हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

काचेतलं फ्लोराइड

आता सिमेंट. यात फ्लोराइड दातासाठी घातलेलंच नव्हतं, काच वितळावी म्हणून घातलं होतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात पुढचे दात भरायला सिलिकेट सिमेंट वापरत. काचेची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल. ही काच बनवताना कमी तापमानाला वितळावी म्हणून भट्टीत फ्लोराइडचं खनिज टाकत, सोनार डाख लावताना टाकणखार टाकतो तसं. सिमेंट यथातथाच होतं. काही वर्षांत झिजायचं, विरघळायचं, डागाळायचं. पण जुनं, अर्धं विरघळलेलं सिमेंट काढताना दंतवैद्यांना एक विचित्र गोष्ट दिसायची: भरलेलं निकामी झालंय, पण त्याच्या कडेला नवीन कीड जवळपास नाही. त्याहून भक्कम भरलेल्या दातांच्या कडा मात्र किडलेल्या. शोधाशोध झाली तेव्हा बोट फ्लोराइडकडे गेलं. काचेतून ते झिरपत होतं.

मग १९६८ मध्ये मँचेस्टरला डेनिस स्मिथ यांनी पॉलिअॅक्रिलिक आम्ल वापरून एक सिमेंट केलं, जे दाताला आपणहून चिकटत होतं. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट सिलिकेटच्या मागे लागलेले होतेच. त्यांनी सिलिकेटची काच घेतली आणि तिच्याशी पॉलिअॅक्रिलिक आम्ल जुळवलं. १९६९ मध्ये पेटंट, १९७२ मध्ये शोधनिबंध. हेच ग्लास आयोनोमर सिमेंट. दवाखान्यात त्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. 'जीआयसी' किंवा नुसतं 'सिमेंट'. दाढेत भरायचं घट्ट ते 'टाइप नाइन'.

आम्ल काचेच्या कणांना वरवर खातं. आतून कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम बाहेर येतं आणि आम्लाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. म्हणून ते घट्ट होतं. त्याच साखळ्या दातातल्या कॅल्शियमलाही धरतात. म्हणून ते चिकटतं. काचेतून फ्लोराइडही बाहेर येतं, पण त्या बांधकामात त्याला काही काम नसतं. ते मोकळंच राहतं. त्यामुळे निघून गेलं तरी भिंत ढासळत नाही. सिलिकेट विरघळत विरघळत फ्लोराइड द्यायचं, हे न विरघळता देतं. एवढ्याच फरकावर हे सिमेंट पन्नास वर्षं टिकून आहे.

भरताना ते कसं वागतं हे सांगायलाच हवं, कारण सगळा खेळ त्या अर्ध्या मिनिटाचा असतो. असिस्टंट पावडरची बाटली झाकण लावूनच हलवते, दबलेली पूड मोकळी व्हावी म्हणून. चमचा भरून कडेला निरपते, मेणकागदाच्या पॅडवर ठेवते. द्रवाची बाटली सरळ उभी उलटी धरून थेंब पाडते. तिरकी धरली तर बुडबुडा येतो आणि थेंब लहान पडतो. मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं पुडीचे दोन भाग करून घडी घातल्यासारखं कालवते. पट्टी प्लॅस्टिकची, कारण काचेची पूड स्टीलला घासते आणि सिमेंट करडं पडतं. वीस-तीस सेकंदांत गोळा तयार. त्यावर ओली चकाकी असते, ताज्या लोण्यावर असते तशी. ती चकाकी असेपर्यंतच दातात घालायचं. चकाकी म्हणजे आम्लाच्या साखळ्या अजून मोकळ्या आहेत, दाताला धरू शकतात. ती गेली, गोळा निस्तेज झाला, तर सिमेंट दातात बसेल पण धरणार नाही.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी मी असा निस्तेज गोळा एका मुलाच्या दुधाच्या दाढेत कोंबला होता. तो रडत होता, आई घाईत होती, मी त्याहून घाईत. तीन आठवड्यांनी ती आई कागदाच्या पुडीत ते सिमेंट घेऊन आली. जसंच्या तसं, दाढेच्या आतल्या खड्ड्याचा साचा उमटलेला तुकडा. त्यातून तीन आठवडे फ्लोराइड इमानदारीत सुटत असणार. खालची दाढ मात्र किडतच होती.

सुटतं किती?

पहिल्या दिवशी भरपूर. प्रयोगशाळेत सिमेंटच्या चकत्या पाण्यात ठेवून मोजतात तेव्हा पहिल्या चोवीस तासांत काही पीपीएमपासून शंभराच्या पुढेपर्यंत आकडे येतात. पावडर कोणती, पाणी किती, आम्लधर्मी की साधं, यावर ते ठरतं. दुसऱ्या दिवसापासून धार मंदावते. दोन-तीन आठवड्यांत नळ बंद करूनही टपकत राहावा तेवढं उरतं, आणि तेवढं मात्र वर्षानुवर्षं टपकतं. हेही बशीतल्या स्थिर पाण्यातलं. तोंडात दिवसाला अर्धा ते एक लिटर लाळ वाहत असते. भरलेल्या दाढेतलं फ्लोराइड तोंडभर पसरून सगळ्या दातांचं रक्षण करेल ही आशा सोडून द्यायची. त्याचा प्रभाव कडेपासून मिलिमीटरच्या हिशेबात मोजायचा.

तुलनेसाठी: आपल्याकडे टूथपेस्टमध्ये कायद्यानं जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराइड चालतं. आम्ही मुलांच्या दातांना लावतो ते वार्निश २२,६०० पीपीएमचं. काळा डाग पाडून कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड ४४,००० च्या वर. त्यापुढे सिमेंट म्हणजे टपकता नळच.

पण या नळाच्या दोन खोडी मला आवडतात. एक, भोवती आम्ल वाढलं की तो जास्त सुटतो, आणि सिमेंट स्वतः जरासं झिजून ते आम्ल थोडं मवाळही करतं. गरज तेव्हा पुरवठा. दुसरी, तो परत भरता येतो. पेस्टनं दात घासले की सिमेंट बाहेरचं फ्लोराइड शोषून घेतं आणि पुढचे काही तास परत सोडत राहतं. रांजणासारखं: झिरपतो, पण वरून कुणी ओतणारं असेल तोवरच. सिमेंट जुनं होत जातं तशी ही क्षमताही कमी होते.

जिवाणूच्या पोटात

आता काकूंचा मूळ प्रश्न. फ्लोराइड जिवाणूला काहीच करत नाही का? करतं, आणि त्याची रीत मोठी खोडसाळ आहे.

साधं फ्लोराइड विद्युतभारित असतं. जिवाणूच्या कातडीतून ते सहज आत जात नाही. पण जिवाणूनं स्वतःच आम्ल केलेलं असतं. त्या आम्लातला हायड्रोजन फ्लोराइडला चिकटतो आणि जी जोडी तयार होते तिला भार नसतो. ती कातडीतून बिनबोभाट आत शिरते. आत वातावरण आम्लाचं नसतं, तिथे जोडी फुटते. हायड्रोजन आतलं वातावरण आंबट करतो. फ्लोराइड अडकून पडतं आणि दोन ठिकाणी घोटाळा घालतं. एनोलेज नावाचं विकर साखर पचवण्याच्या साखळीत शेवटाकडे लागतं, त्याला ते अडवतं. त्या टप्प्यावर तयार होणारा पदार्थच जिवाणूला नवी साखर आत ओढायला लागतो, म्हणजे पचन मंद आणि आवकही मंद. दुसरं, आत साठलेलं आम्ल बाहेर फेकणारा जो पंप असतो, त्यालाही फ्लोराइड थोपवतं. थोडक्यात, जिवाणू जितकं आम्ल करेल तितकं फ्लोराइड त्याच्याच घरात शिरेल. हे वाचल्यावर कुणालाही वाटेल, मेलाच तो.

नाही मरत. जिवाणूचं आम्ल करणं जाणवण्याइतकं मंदावायला आजूबाजूला साधारण दहा पीपीएम आणि त्याच्या वर फ्लोराइड लागतं. तो मरावा किंवा त्याची वाढच थांबावी यासाठी शेकड्यांत. सिमेंटच्या कडेला पहिले काही दिवस हा पहिला आकडा गाठला जात असेल. सहा महिन्यांनी नाही. शिवाय जिवाणूही काल जन्मलेले नाहीत. फ्लोराइड जमिनीत, पाण्यात आधीपासूनच आहे. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की असंख्य जिवाणूंमध्ये फ्लोराइडची चाहूल लागताच चालू होणारी जनुकं असतात, आणि त्यातली काही फ्लोराइड बाहेर हाकलणारी प्रथिनं बनवतात.

मग 'जिवाणूरोधक' असं सिमेंटच्या डब्यावर, माहितीपत्रकात, विक्रेत्याच्या तोंडी कुठून आलं? बशीतल्या वर्तुळातून. जिवाणू पसरलेल्या जेलीच्या बशीत ताज्या सिमेंटची टिकली ठेवतात. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं, जिथे जिवाणू वाढलेले नाहीत. फोटो फार छान येतो. पण ताजं सिमेंट स्वतःच आम्ल असतं, आणि त्या वर्तुळात त्या आम्लाचा वाटा मोठा असतो. तीच टिकली पूर्ण घट्ट झाल्यावर, काही दिवस पाण्यात ठेवून मग बशीत मांडली, तर वर्तुळ आक्रसतं, पुष्कळदा दिसतच नाही. बशीत लाळ नाही, चिकट थर नाही, जेवण नाही. तोंडात सिमेंटवर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा चढतो आणि त्यावर वस्ती सुरू होते, ती सिमेंटला न विचारता.

माणसांच्या तोंडातल्या अभ्यासांत काय दिसलं? सिमेंटच्या कडेच्या थरात फ्लोराइड जास्त सापडतं. काही अभ्यासांत त्या थरात म्युटन्सची संख्या कंपोझिटच्या (दाताच्या रंगाचं, दिव्यानं घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं साहित्य) कडेपेक्षा कमी आढळली, काहींत फरकच नाही. आणि सिमेंट जुनं होऊन खरखरीत झालं की थर जास्तच साठतो, ही उलटी बाजू. जिवाणूंवर परिणाम आहे, पण थोडा, जवळचा आणि बहुतेक पहिल्या दिवसांतला, असं माझं मत आहे. त्यावर भिस्त ठेवून मी कुणाचा दात भरणार नाही.

मग कीड थांबते कशानं?

दोन गोष्टी सांगते, त्या जोडीनं ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं.

पहिली अमेरिकेतली. तिथे काही दाढांत कीड मुद्दाम आत ठेवून वरून कंपोझिट भरलं, कडा चिकटवून सीलंटनं घट्ट बंद केल्या, आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. १९९८ मध्ये निकाल छापून आले: बंद केलेली कीड पुढे सरकली नव्हती. यात फ्लोराइडची करामत नव्हती. जिवाणू आत होते, पण वरून साखर बंद. उपाशी वस्ती काय करणार! आम्ही आता खोल खड्ड्यात नसेजवळचा मऊ थर खरवडून नस उघडी पाडत नाही, कडा मात्र स्वच्छ करतो आणि बंद करतो, ते याच समजुतीवर. पेशंटला हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. "थोडी कीड आत ठेवली आहे" हे वाक्य मी अजून नीट म्हणायला शिकलेले नाही.

इथे जीआयसीचा खरा गुण येतो. जरा ओल असली तरी ते दाताला धरतं. कंपोझिटला कोरडं ठणठणीत मैदान लागतं. निळा दिवा मारला की ते आक्रसतं, आणि ओल राहिली असेल तर कड सुटते. हिरडीलगत, जिथून रक्त-लाळ झिरपते तिथे, रडणाऱ्या मुलाच्या तोंडात, सिमेंटची कड बंद राहण्याची शक्यता जास्त. आणि आत बंद झालेल्या मऊ थरात सिमेंटमधून काहीतरी जातं, हेही दाखवता आलंय. काही सिमेंटांच्या काचेत कॅल्शियमऐवजी स्ट्रॉन्शियम असतं. दातात ते एरवी नावापुरतंच, त्यामुळे सापडलं की ते सिमेंटातून आलं हे नक्की. भरलेल्या दाढा पुढे तपासल्या तेव्हा खालच्या मऊ थरात स्ट्रॉन्शियम आणि फ्लोराइड दोन्ही खोलवर पोचलेलं दिसलं. माखलेला चोर पकडल्यासारखा पुरावा.

दुसरी गोष्ट तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटची. तंबाखूमुळे आपल्याकडे हे पेशंट किती आहेत हे सांगायला नको. मानेला, जबड्याला किरणं दिली की लाळग्रंथी सुकतात. झराच आटतो. मग वर्षभरात दातांच्या माना गोल किडून दात मोडायला लागतात. अशा कोरड्या तोंडांत सिमेंट आणि कंपोझिट दोन्ही भरून परदेशात अभ्यास झाले. जे पेशंट सांगितल्याप्रमाणे रोज फ्लोराइडचं जेल लावत होते, त्यांच्यात दोन्हींत फारसा फरक पडला नाही. जे लावत नव्हते, त्यांच्यात कंपोझिटच्या कडेला नवीन कीड आली, सिमेंटच्या कडेला बरीच कमी. सिमेंट मात्र स्वतः झिजून गेलं होतं. जुन्या सिलिकेटचीच कहाणी.

मला यातून कळतं ते असं: सिमेंटातलं फ्लोराइड जिथे दुसरं फ्लोराइड पोचत नाही तिथे उठून दिसतं. जो माणूस रोज पेस्टनं नीट घासतो त्याच्या तोंडात टपकत्या नळाची नोंदही होत नाही. म्हणूनच निरनिराळ्या अभ्यासांचे निकाल जुळत नाहीत, असा माझा अंदाज.

मग सगळीकडे सिमेंटच का भरत नाही? ठिसूळ आहे. दाढेच्या दोन बाजू गेल्या असतील, वरून चकली-शेंगदाणे चावायचे असतील, तर काही वर्षांत कोपरा उडतो. जास्त फ्लोराइड सोडायला लावलं तर आणखी कच्चं होतं. जिवाणू खरोखर मरावेत म्हणून क्लोरहेक्सिडीन, चांदीचे कण, काय काय घालून बघतात; जिवाणू कमी होतात, पण मात्रा वाढली की ताकद घटते. मधल्या वाटा निघाल्या. रेझिन (कंपोझिटमध्ये असतं ते प्लॅस्टिक) मिसळलेलं जीआयसी दिव्यानं घट्ट होतं, जास्त चिवट असतं. १९९० च्या दशकात कॉम्पोमर आले, पुढे जायोमर, ज्यात आधीच आम्लाशी अभिक्रिया करून घेतलेली काच कंपोझिटमध्ये मिसळतात. क्रम लावला तर जीआयसीकडून कंपोझिटकडे जाताना ताकद वाढत जाते आणि फ्लोराइड आटत जातं. दोन्ही हात तुपात असलेलं साहित्य अजून कुणी विकलेलं नाही, जाहिरात काहीही म्हणो.

दातात भरायची जुनी चांदी, म्हणजे पाऱ्यात कालवलेलं मिश्रण, मात्र मागे पडते आहे. पाऱ्यामुळे युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून ती, अगदी वैद्यकीय गरज असेल तेवढं सोडून, बंद केली, त्यामुळे सिमेंटचं महत्त्व आणखी वाढलं. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या मध्यात, टांझानियात वीज आणि मशीन नसलेल्या खेड्यांत नुसत्या हाताच्या हत्यारांनी कीड उकरून सिमेंट भरायची पद्धत बसवली गेली. पुढे ती जीआयसीवरच स्थिरावली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये उचलून धरली. २०२१ मध्ये तर जीआयसी संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. दोन बाटल्या आणि एक चमचा.

एक प्रश्न यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचे पेशंट हटकून विचारतात, आणि तो रास्त आहे: आमच्याकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दात पिवळे-तपकिरी होतात, हाडं दुखतात, आणि तुम्ही वर फ्लोराइडचं सिमेंट भरता? दातांवरचे ते डाग दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पोटात गेलेल्या फ्लोराइडनं पडतात. उगवलेल्या दाताला बाहेरून लागणाऱ्या फ्लोराइडनं नाहीत. आणि प्रमाण बघा. पिण्याच्या पाण्यात दीड पीपीएमपर्यंत, तेही दुसरी सोय नसेल तर, चालवून घेतात. असं एक लिटर पाणी प्यायलं की १५०० मायक्रोग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं. दिवसाला तीन-चार लिटर पिणारे लोक आहेत, विदर्भातल्या उन्हाळ्यात तर त्याहून जास्त. भरलेल्या दाढेतून लाळेत येतं ते त्यापुढे किरकोळ. तिथे भांडायचं ते पाण्यासाठी.

सिमेंट भरल्यावर तासभर काही खाऊ नका, त्या दिवशी त्या बाजूनं चावू नका, असं आम्ही सांगतो ते उगाच नाही. पहिला दिवसभर आत बांधकाम चालू असतं. लवकर पाणी लागलं तर वरचा थर धुपतो, फार कोरडं पडलं तर तडे जातात. म्हणून वरून वार्निश नाहीतर चक्क व्हॅसलिन चोपडतो. पेशंट ते रुमालानं पुसून टाकतात.

काकू आठ महिन्यांनी दुसऱ्या दाढेसाठी आल्या तेव्हा मी आधी तो सुळा बघितला. सिमेंट जागेवर होतं. रंग थोडा उतरलेला, पृष्ठभाग जरा खरखरीत. कडेवरून प्रोब फिरवला, कुठे अडकला नाही. हिरडीलगत मऊ होतं तिथे आता टक्‌ वाजलं.

"मशेरी सुटली का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढून माझ्यापुढे धरली. "पर रातच्याला ही लावती. नातू म्हनला, डाक्टरीणबाईंना इचार, ह्यात ते तुमचं हाय का."

मी चष्मा वर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली. होतं. १००० पीपीएम.